नव्या कंपनीत नोकरी : मेहनत उधार देऊ नका

तिकोणा पेठेपासून पवना धरणापर्यंत बंगल्यांची कामे निघतात. कारखान्यात भिंती ओतून घर जोडणाऱ्या नव्या कंपन्यांचा बोलबालाही आमच्या कारागीर भावांच्या कानी येतो. तेथे नोकरी धरण्यापूर्वी ‘काटेरा’ची हकीकत ऐकावी. २०१५ साली कॅलिफोर्नियात निघालेल्या या कंपनीत जपानच्या सॉफ्टबँकेने कोट्यवधी डॉलर ओतले. २०१८ साली फैजल कोट्टिकोल्लन यांची केईएफ इन्फ्रा, तमिळनाडूतील कृष्णगिरीच्या कारखान्यासह, तिच्यात विलीन झाली. खर्च आवरला नाही, कामे रखडली. जून २०२१ मध्ये दिवाळे निघाले, कामगार बेकार झाले.

आम्ही कापडवाले थानाची झळाळी पाहत नाही, धुऊन रंग पाहतो. नवे हुनर जरूर शिकावे. पगार मात्र महिन्याच्या महिन्याला घ्यावा, शेअरच्या वायद्यावर राहू नये. घाम वाळण्याआधी मजुरी, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे.