चित्रपटांची विविध प्रमाणे आणि घरगुती पडद्याचे आच्छादन

चित्रपटाच्या चौकटीतील रुंदी व उंची यांचे गुणोत्तर सर्व काळी एकच राहिलेले नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मूकपटांच्या १.३३ : १ या प्रमाणाचा होता. पुढे फिल्मवर ध्वनिपट्टीस जागा द्यावी लागल्यामुळे १९३२ मध्ये अमेरिकेत १.३७ : १ हे प्रमाण ठरले. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) या प्रमाणाचा आहे. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट २.३५ : १ इतका रुंद आहे. आजचा घरगुती प्रक्षेपक मात्र बहुधा १६ : ९, म्हणजे १.७८ : १ या प्रमाणाचा असतो.

समजा, नवेगाव बांध येथील एखाद्या घरी २४० सें.मी. रुंद व १३५ सें.मी. उंच पडदा आहे. ‘संत तुकाराम’ दाखविताना चित्र १८५ सें.मी. रुंद होईल आणि दोन्ही बाजूंस साडेसत्तावीस सें.मी. जागा रिकामी राहील. ‘कागज के फूल’चे चित्र पूर्ण रुंदी व्यापील, पण त्याची उंची १०२ सें.मी.च भरेल, वर व खाली सुमारे साडेसोळा सें.मी. जागा उरेल. दोन्ही प्रसंगी पडद्याचा जवळजवळ चतुर्थांश भाग निरुपयोगी ठरतो.

हा भाग खऱ्या अर्थाने काळा नसतो. प्रक्षेपक प्रकाश पूर्णपणे रोखू शकत नाही. शिवाय खोलीच्या भिंतींवरून परतलेला प्रकाशही पांढऱ्या पडद्यावर पडतो. परिणामी तेथे करडी छटा दिसते व चित्राची कड पुसट भासते. त्या जागी काळे मखमल आल्यास त्याची लव प्रकाश शोषून घेते. दृष्टी तेज नेहमी शेजारच्या पृष्ठभागाच्या तुलनेने जोखते. यास्तव तेच चित्र अधिक उजळ व रेखीव वाटते.

मखमल ताणून बसविलेल्या सुट्या लाकडी चौकटी हा याचा सर्वांत सोपा उपाय होय. त्या चित्रावर सुमारे एक सें.मी. चढवाव्यात, म्हणजे कडेची अस्पष्टता झाकली जाते. पूर्व विदर्भातील पावसाळी दमट हवेत हलके लाकूड वाकते. सागवान त्या मानाने सरळ राहते. बाजूंची आच्छादने पडद्यांप्रमाणे दांडीवर सरकविता येतात. वरची व खालची मात्र उचलून अडकवावी लागतात.

आच्छादनाची ही खटपट टाळून चित्रच वाढवून पडदा भरण्याचा मोह अनेकांस होतो. तथापि २४० सें.मी. रुंद केलेल्या ‘संत तुकाराम’ची उंची १७५ सें.मी. होते, त्यांतील ४० सें.मी. चित्र कापले जाते. दिग्दर्शक दामले–फत्तेलाल यांनी योजलेल्या चौकटीचा तो जवळजवळ चतुर्थांश भाग होय. रिकामी जागा झाकल्याने कलाकृतीचे काहीच उणे होत नाही; ती भरण्यासाठी चित्र कापल्यास मात्र मूळ रचनाच नष्ट होते. जुन्या मराठी बोलपटांच्या अभ्यासकाने हा भेद विसरता कामा नये.