वाशिष्ठीचे पाणी आणि कागदावरचा हक्क

आमच्या पालीवरून उत्तरेस निघालेला मुंबई-गोवा महामार्ग चिपळूणला वाशिष्ठी, खेडला जगबुडी आणि महाडला सावित्री ओलांडतो. मी वाशिष्ठीविषयी लिहिणार आहे. पण महाडच्या चवदार तळ्याला वगळून तिचा प्रश्न समजणार नाही, असे माझे मत आहे.

वाशिष्ठी आज पुष्कळशी माणसाने घडविलेली नदी आहे. घाटावर कोयनेत अडविलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली येते, पोफळीची जनित्रे फिरवते आणि हिला मिळते. म्हणून कोकणातल्या इतर नद्या उन्हाळ्यात आटतात, तेव्हाही ही वाहते. चिपळूणजवळ खेर्डी, खडपोली आणि खेड तालुक्यात लोटे-परशुराम अशा औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. लोट्याला मुख्यतः रसायने होतात. तेथील सांडपाणी सामायिक केंद्रात शुद्ध करून नळाने दाभोळच्या खाडीत सोडावे, अशी योजना आहे.

शुद्ध करणे म्हणजे काय? आधी आम्लता मारतात, गाळ बसवतात, मग उरलेली घाण जिवाणूंना खायला घालतात. हे जिवाणू मैलापाणी चांगले पचवतात. रसायनांचा मारा वाढला की स्वतःच मरतात. (या टाक्या खरवडायला कोण उतरतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.) न पचलेली घाण खाडीत गेली की पाण्यात विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकते आणि मासे गुदमरतात. घाण समुद्रात निघून जाईल हा हिशेब शहरी आहे. दिवसातून दोनदा भरती तीच घाण परत वर लोटते, हे काठावरच्या भोयांना कोणी शिकवावे लागत नाही. मासे मेल्याच्या त्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू आहेत. पण नमुना घेणारा माणूस चार तास उशिरा आला, तर त्याच्या बाटलीत वेगळेच पाणी भरते!

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव 1923 चा. महाड नगरपालिकेने तळे 1924 मध्ये कागदोपत्री खुले केले. प्रत्यक्ष ओंजळ भरली ती बाबासाहेबांनी, 20 मार्च 1927 रोजी. आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 उजाडले. जलप्रदूषणाचा कायदा 1974 चा आहे. 1988 च्या दुरुस्तीने साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य माणसालाही न्यायालयात जाण्याची वाट उघडली. ती वाट किती जणांनी चोखाळली?

नोटिशीला पुरावा लागतो. खाडीकाठच्या शाळांतील विज्ञानशिक्षकांनी मुलांच्या हाती एक वही द्यावी: तारीख, भरती-ओहोटीची वेळ, पाण्याचा रंग, वास, मेलेल्या माशांची जात. माशांची नावे भोयांच्या म्हाताऱ्यांना विचारावीत.