खत आज, कुऱ्हाड केव्हा?

जंगलालाही खत घालतात हे प्रथम वाचले तेव्हा मला हसूच आले होते. उसाला युरिया द्यावा, गव्हाला द्यावा. रानातल्या झाडांचे निसर्ग पाहून घेईल, अशी आपली सर्वसाधारण समजूत. परंतु अमेरिकेच्या वायव्येस, ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांत, डग्लस फर या सूचिपर्णी वृक्षांच्या रानांवर हेलिकॉप्टरमधून युरियाचे दाणे विखुरतात. नेहमीचे प्रमाण हेक्टरी सुमारे २२४ किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे हेक्टरी जवळजवळ ४८७ किलो युरिया झाला!

एवढा पैसा मातीत टाकायचा तो परत केव्हा मिळणार, हा खरा प्रश्न. शेतकरी हंगामाअखेर हिशेब करतो. रानात मात्र खत घालणारा अधिकारी निवृत्त होतो, तरी झाड उभेच असते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे चक्रवाढ व्याज आठवल्यावाचून राहत नाही. दरसाल ४ टक्क्यांनी १०० रुपयांचे १० वर्षांत १४८, २० वर्षांत २१९ आणि ५० वर्षांत तब्बल ७११ रुपये होतात. तेव्हा कोवळ्या रानाला घातलेल्या खताने अखेरीस सातपटीहून अधिक किमतीचे जादा लाकूड दिले, तरच तो व्यवहार फायद्याचा.

उलट खताचा परिणाम साधारणपणे आठ-दहा वर्षे टिकतो. म्हणून स्वीडनमध्ये पाईन व स्प्रूसच्या रानांना हेक्टरी १५० किलोच्या आसपास नत्र अखेरच्या तोडीपूर्वी सुमारे दहा वर्षे देण्याची पद्धत रूढ झाली. चारच वर्षांत तोड केली तर वाढ पुरती अंगी लागत नाही. वीस वर्षे लांबवली तर व्याज वाढ खाऊन टाकते. थोडक्यात, खताची यादी आणि तोडीची आयोजना एकाच टेबलावर, एकाच नकाशावर तयार व्हावयास हवी. रस्ता नाही म्हणून एखाद्या भागाची तोड पुढे ढकलली गेली, तर तेथील खताचा हिशेबही त्याच दिवशी बिघडतो.

अर्थात तरुण रानाला खत कधीच घालू नये, असे नव्हे. विरळणी केलेल्या रानात उरलेल्या झाडांना ते चांगले मानवते. दाट रानात मात्र थोर झाडे झपाट्याने वाढतात आणि दुबळी त्यांच्या सावलीत मरतात. कधी मधल्या वयाची राने कमी असल्यामुळे पुढील एखाद्या दशकात गिरणीला लाकूड अपुरे पडणार हे आजच दिसत असते. अशा वेळी खताने काही राने लवकर तोडीला आणता येतात. तेथे खताचे मोल लाकडाच्या घनमीटरांपेक्षा वेळेत अधिक असते.

आता गोष्ट त्या हिशेबाची, ज्यावर १९७० च्या दशकात अमेरिकेत मोठा वाद झाला. तेथील सरकारी वनांत दरवर्षी सारखीच तोड करावी, ती पुढे घटू नये, असे धोरण होते. समजा, आज खत घातल्याने ५० वर्षांत १,००० घनमीटर लाकूड जादा मिळणार आहे. मग दरसाल २० घनमीटर जादा तोड आजपासूनच का करू नये? वाढ कोवळ्या झाडांत व्हायची, तोड मात्र शेजारच्या जुन्या वृक्षांची! उत्पन्न लगेच सुरू झाल्याने कागदावर खताचा नफा डोळे दिपवणारा दिसे. मला ही पुढच्या पगारावर घेतलेली उचलच वाटते. नफा खताने मिळवलेला नसतो. नियमामुळे अडकून पडलेले जुने लाकूड त्याने केवळ मोकळे केलेले असते.

१९७६ च्या राष्ट्रीय वन व्यवस्थापन कायद्याने ही वाट पुरती बंद केली नाही, पण अट घातली. वाढीव मशागतीच्या भरवशावर तोड वाढवता येईल. मात्र ती कामे यशस्वी झाली नाहीत किंवा त्यांसाठी पैसा मिळाला नाही, तर आयोजनेच्या मुदतीअखेर तोड कमी केली पाहिजे. अट रास्त आहे, पण तोवर जुनी झाडे पडलेली असतात. माझ्या मते अशा आयोजनेत दोन रकाने निराळे हवेत: एकात खत घातलेल्या झाडांनी प्रत्यक्ष दिलेले लाकूड, आणि दुसऱ्यात त्यांच्या नावावर आधीच तोडलेले.