चांभाराचा ध्वज जपणारे गाव

संग्रहालय म्हटले की राजेरजवाड्यांच्या तलवारी आणि दारावरचा सरकारी पहारेकरी आपल्या डोळ्यांसमोर येतो. आयर्लंडच्या पूर्व भागात, बॉइन नदीकाठच्या ड्रॉहेडा या गावातील मिलमाउंट संग्रहालयाची गोष्ट वेगळी आहे. ते उभे केले गावच्या नागरिकांनी. १९६४ साली इतिहासप्रेमी मंडळींनी 'ओल्ड ड्रॉहेडा सोसायटी' स्थापन केली व १९७४ मध्ये टेकडीवरील जुन्या लष्करी बराकीत हे संग्रहालय मांडले. त्यामागे आहेत ते आपला नोकरी-धंदा सांभाळून, विनामोबदला राबणारे सभासद.

या टेकडीने बरेच सोसले आहे. १६४९ च्या सप्टेंबरात क्रॉमवेलच्या सैन्याने येथील शिबंदीची कत्तल केली. पुढे १९२२ च्या यादवी युद्धात माथ्यावरील बुरुजावर तोफा डागण्यात आल्या. तो बुरूज दुरुस्त होऊन लोकांसाठी खुला झाला तो २००० साली.

पण माझ्या मते खरे धन आत आहे. जुन्या काळचे स्वयंपाकघर आहे. काठ्यांच्या सांगाड्यावर कातडे ताणून बनवलेली गोल होडी आहे. अशा होड्यांतून बॉइनमध्ये सामन मासे धरीत. आणि आहेत कारागीर-संघांचे भव्य रंगीत ध्वज: सुतारांचा, विणकरांचा आणि जोडे शिवणाऱ्यांचा. आयर्लंडमध्ये असे ध्वज फक्त येथेच उरले आहेत, असे मानले जाते. जोडे शिवणारे आपला ध्वज मिरवणुकीत उंच धरून चालत, ही गोष्ट आपल्या वाचकांनी क्षणभर थांबून ध्यानात घ्यावी! राजाची तलवार कोणीही जपतो. चांभाराचे कापडी निशाण जपायला कोणीतरी ते जपण्याजोगे मानावे लागते. नाहीतर ते कसरीच्या तोंडी जाते. बँकेतील जुन्या खातेवह्या मी स्वतः रद्दीच्या टेम्पोत चढवल्या आहेत. त्यांत कित्येक हमाल-कामगारांचे अंगठे होते. त्या वेळी मला काहीच वाटले नाही, हे कबूल करतो.

सोसायटीचे काम वस्तूंवर थांबलेले नाही. १९७६ पासून तिने स्वतःचे नियतकालिक चालवून गावच्या इतिहासावरील लेख छापले. शिवाय गावातील वयस्कर माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. विद्यार्थी मित्रांनो, या कामाला इमारत लागत नाही; एक टेपरेकॉर्डर, किंवा आता खिशातला मोबाइल, आणि समोर बोलायला बसलेली एखादी आजी पुरते.