ठळक देवनागरी अक्षर आणि पोकळीचे कार्य

ध्वनिविचारात वर्णाचे मोल त्याच्या भेदक लक्षणावरून ठरते. लिपीविचारातही हेच तत्त्व लागू पडते. अक्षर म्हणजे केवळ शाईचा आकार नव्हे. शेजारच्या अक्षरांहून स्वतःचे निराळेपण राखणारी ती खूण होय. शीर्षके व पाट्या यांकरिता योजिल्या जाणाऱ्या ठळक, गोलसर टंकांची परीक्षा याच कसोटीवर झाली पाहिजे.

देवनागरीतील काही भेद फार थोड्या जागेत सामावलेले आहेत. 'व' आणि 'ब' यांत फरक आहे तो पोटातील तिरप्या रेघेचा; 'घ' व 'ध', तसेच 'म' व 'भ' यांतील फरक मुख्यतः शिरोरेषेतील खंडाचा आणि डाव्या टोकाच्या वळणाचा. वार-बार, घार-धार, मार-भार या शब्दजोड्यांचे वाचन एवढ्याशाच अवयवावर अवलंबून असते. रेघ जाड केली की ती बाहेर पसरते, तशी आतही पसरते. 'व'चे पोट बुजले की 'ब'शी असलेला त्याचा विरोधही बुजतो. म्हणून पातळ अक्षर फुगविले की ठळक अक्षर सिद्ध होते, हा समज टिकणारा नाही.

रोमन लिपीत 'सॅन्स सेरिफ' म्हणजे रेघांच्या टोकांस आडव्या पायऱ्या नसलेले अक्षर. देवनागरीस ही संज्ञा जशीच्या तशी लागू होत नाही. आपल्या लिपीचे परंपरागत लक्षण म्हणजे बोरूच्या तिरक्या टोकाने येणारा जाड-बारीकपणा. गोलसर ठळक टंक हा जाड-बारीकपणा बहुतांशी सोडून देतो; साहजिकच भेद राखण्याचा अधिक भार आतील पोकळीवर पडतो.

मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मोदक' हा टंक याचे उत्तम उदाहरण होय. त्यातील देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांनी रेखाटली असून तो खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहे. येथे अक्षर इतके पुष्ट आहे की पोकळी केवळ एक पांढरी रेघ होऊन उरते. परंतु ती नाहीशी होत नाही. काळ्या रेघेने करावयाचे काम येथे पांढरी रेघ करते. त्याच संस्थेच्या 'बलू' टंकात रेघ जाड व टोके गोल असली, तरी पोकळी अधिक मोकळी ठेविली आहे. यावरून दोहोंची क्षेत्रे ठरतात: 'मोदक' मोठ्या आकारातच शोभतो व वाचता येतो; लहान आकारात ती पांढरी रेघ मिटू लागते.

हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने पाटीवरील मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत, असा दंडक घातला. परंतु आकार समान असला म्हणजे वाचनीयता समान होते, असे नव्हे. मुंबई-बंगळूर महामार्गालगतच्या पुनावळ्यात पाटी धावत्या वाहनातून वाचावयाची असते. तेथे त्याच उंचीच्या रोमन अक्षराला वर-खाली मात्रा वाहाव्या लागत नाहीत. देवनागरीस मात्र त्याच पट्टीत वेलांटी, अनुस्वार, उकार बसवावे लागतात. म्हणजे मूळ अक्षर आणखी आखूड होते आणि पोकळी आणखी आकसते.

तेव्हा पाटीसाठी टंक निवडताना संपूर्ण वर्णमाला पाहण्यापेक्षा वर दिलेल्या जोड्या, योजिलेल्या आकारात आणि योजिलेल्या अंतरावरून वाचून पाहाव्यात. ज्या टंकात 'वार' आणि 'बार' निःसंशय निराळे दिसतात, तोच टंक ठळक म्हणविण्यास पात्र होय.