कणखर आणि सोशिक
लॅटिन अमेरिकेत दोन शब्द रूढ आहेत. ‘माचिस्मो’ म्हणजे पुरुषाने कणखर असावे. ‘मारिआनिस्मो’ म्हणजे स्त्रीने मरियामातेप्रमाणे सोसावे. दुसऱ्याची मांडणी एव्हलिन स्टीव्हन्स यांनी १९७३ साली केली. वसईतील आमच्या गासच्या कॅथलिक घरांत मी हे शब्द कधी ऐकले नाहीत. शिकवण मात्र लहानपणापासून ऐकली. मुलग्याला ‘बायकांसारखा रडू नकोस’, मुलीला ‘सोसायला शीक’.

२०२१ साली देशात १,१८,९७९ पुरुषांनी व ४५,०२६ स्त्रियांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्या स्त्रियांत निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. आत्महत्येमागे कारणे अनेक असतात. पण पुरुष दुःख बोलत नाही आणि बाईचे सोसणे गुण ठरते, तेव्हा दोघांचाही आजार घरच्यांना वेळेत दिसत नाही. म्हणून दोघांनाही ‘झोप लागते का?’ एवढे तरी विचारायला हवे.