संदेश एका टोकाने, वीज दोन्ही टोकांनी

नातूबाग मंडळाची गणेशोत्सवातील विद्युत रोषणाई प्रसिद्ध आहे. नाताळच्या गोठ्यासाठी आता आपल्याकडेही प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्रपणे बदलणाऱ्या एलईडी पट्ट्या आणल्या जातात. मात्र अनेक पट्ट्या एकापुढे एक जोडल्या की शेवटचे दिवे तांबूस दिसू लागतात.

रंगाचा संदेश एक दिवा पुढच्या दिव्याकडे सोपवतो. विजेचा दाब मात्र पट्टीतील पातळ तांब्यातून जाताना घटतो. निळ्या व हिरव्या रंगांस अधिक दाब लागत असल्याने ते प्रथम मंदावतात.

पाच व्होल्टच्या नेहमीच्या पट्टीतील एक दिवा पूर्ण पांढऱ्या प्रकाशात सुमारे ६० मिलिअँपिअर वीज घेतो. ३०० दिव्यांस १८ अँपिअर, म्हणजे ९० वॅट लागतात. हा भार एकाच टोकाने दिल्यास पट्टी व जोड तापतात. म्हणून प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना जाड तारांनी वीज द्यावी व प्रत्येक तारेस फ्यूज लावावा. पुरवठे अनेक असल्यास सर्वांच्या ऋण तारा एकत्र जोडाव्यात, अन्यथा संदेश बिघडतो. धन तारा वेगळ्या ठेवाव्यात. प्रकाश निम्मा केल्यास भारही जवळपास निम्मा होतो.

गोठ्यात सुके गवत असते. वीजपुरवठ्याची पेटी त्यापासून दूर, मोकळ्या हवेत ठेवावी.